चार तारांचा बेस गिटार खालच्या सुरात उतरवायचाय: त्याच तारा, जाड संच की बी-ई-ए-डी?

गिटारवाल्याने सगळी गाणी खालच्या सुरात घेतली की पुढचा प्रश्न बेसवाल्याचा असतो. हातात चारच तारा, जाडीपासून बारीकपर्यंत ई-ए-डी-जी या सुरांच्या. त्याच सैल करून भागवायचं, जाड संच चढवायचा, की पाच तारांचा संच आणून त्यातली बारीक जी तार पाकिटातच ठेवायची आणि उरलेल्या चार बी-ई-ए-डी अशा लावायच्या? बहुतेक जण सुरुवात तारेच्या जाडीपासून करतात. माझ्या मते ते उलटं आहे. आधी सगळ्यात खालचा सूर कोणता लागणार ते पक्कं करा, मग तारेवरचा ताण आजच्या इतकाच कसा राहील ते बघा. जाडी त्यातूनच निघते.

हिशोब अवघड नाही. तीच तार, तेवढीच लांबी असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एक सेमीटोन (अर्धस्वर, म्हणजे एका फ्रेटचं अंतर) उतरलात तर सुमारे ११ टक्के ताण जातो, दोन उतरलात तर २१, चार उतरलात तर ३७ आणि ई वरून थेट बी पर्यंत आलात तर ४४ टक्के. ३४ इंची स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) बेसवर १०५ ची, म्हणजे ०.१०५ इंच जाड, तार ई ला लावली की ताण साधारण ४० पौंड असतो. तीच डी ला ३२, सी ला २५ आणि बी ला जेमतेम २२ पौंडांवर येते. बी ला तिची वाळत घातलेल्या दोरीसारखी गत होते: फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते आणि छेडलेला सूर जागेवर राहत नाही. ट्यूनर लावून बघा. जरा जोरात छेडलं की काटा आधी सुराच्या वर उडतो आणि मग हळूहळू खाली येतो. एकट्याने वाजवताना हे खपून जातं. गिटारसोबत वाजवताना बेस सतत किंचित चढा वाटतो.

ड्रॉप डी पुरता प्रश्न असेल तर काहीच विकत घेऊ नका. फक्त ई तार दोन सेमीटोन उतरते, ३२ पौंडांत काम चालतं, हात थोडा हलका ठेवला की झालं. एकाच कार्यक्रमात ई आणि डी असं सारखं खालीवर करावं लागत असेल तर हिपशॉटचा एक्स्टेंडर बघा: ई च्या खुंटीच्या जागी बसतो आणि खटका ओढला की तार ठरलेल्या सुरावर उतरते. तारा बदलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

चारही तारा दोन सेमीटोन खाली, म्हणजे डी-जी-सी-एफ, हे जाड संचाचं खरं क्षेत्र. ४५ ते १०५ च्या जागी ५० ते ११० किंवा ५५ ते ११० चा संच लावला की गेलेला ताण बराचसा परत येतो. बोटांच्या सवयी त्याच राहतात, फक्त सगळं दोन सेमीटोन खालून ऐकू येतं. नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचांना बहुधा कानशीच लागत नाही, लागली तर नावापुरती. डी वर थांबणाऱ्याने याच्या पलीकडे जाऊ नये असं माझं मत आहे.

ड्रॉप सी मात्र फसवं. सी-जी-सी-एफ मध्ये वरच्या तीन तारा दोन सेमीटोनच उतरतात, खालची चार. एकाच संचात सगळं बसवायला गेलं की खालची तार लुळी पडते किंवा वरच्या नको तितक्या ताठ होतात. इथे वरच्या तीन जाड संचातल्या घ्या आणि खालची तेवढी सुटी आणा, १२० ते १३० च्या दरम्यानची. बी साठी बनवलेली १३० ची तार सी पर्यंत चढवली की ताण ई तारेच्या नेहमीच्या ताणाच्या आसपास येतो.

आता बी-ई-ए-डी. सी च्या खाली जायचं असेल, किंवा डी, सी आणि बी अशी गाणी मिसळून वाजवायची असतील, तर मी डोळे झाकून हेच निवडेन. ६५-८५-१०५-१३० या जाड्या पाच तारांच्या साध्या संचात मिळतात. इतक्या जाड तारांनी नेक वाकेल ही भीती सर्रास ऐकू येते, पण आकडे तसं सांगत नाहीत. ई, ए आणि डी या तीन तारा त्यांच्या नेहमीच्याच सुरात, म्हणजे नेहमीच्याच ताणात असतात. जी गेली, तिचे चाळीसेक पौंड गेले. बी आली, तिचे ३५ च्या आसपास. नेकवरचं एकूण ओझं वाढत नाही, उलट किंचित कमीच होतं. त्यामुळे नेक थोडा मागे सरकून खालच्या फ्रेटवर खडखड आली तर ट्रस रॉड (नेकचा वाक राखणारी आतली सळई) पाव फेऱ्याने सैल करा, थोडा वेळ थांबून पुन्हा बघा. पाव फेऱ्याहून जास्त एका दमात नको.

खरं काम नटमध्ये आहे. १०५ ची तार २.६७ मिलिमीटर जाड, १३० ची ३.३. चारही खाचांत एकेक पायरी जाड तार येणार, म्हणजे चारही रुंद करायच्या, आणि खाचेचा तळ खुंट्यांच्या बाजूला उतरता ठेवायचा. एकदा रुंद केल्या की परत ई-ए-डी-जी ला येणं अवघड: ६५ च्या खाचेत ४५ ची तार आडवी हलते आणि मोकळी वाजवली की झणझणते. म्हणून मूळ नट हलकेच काढून जपून ठेवावा आणि बी-ई-ए-डी साठी दुसरा बसवावा. परतीची वाट शाबूत राहते.

खुंटीपाशीही एक खोच आहे. काही खुंट्यांच्या भोकात १३० ची तार शिरतच नाही; टोकाकडे निमुळती होत गेलेली तार घेतली तर शिरते. तार कापण्याआधी काटकोनात वाकवून घ्या आणि मगच वाकाच्या पुढे कापा. आधी कापली तर वरचा वेटोळा आतल्या गाभ्यावरून सैल होतो आणि कोरी तार पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. ब्रिजवर बी चं सॅडल (तारेचा टेकू) बरंच मागे न्यावं लागतं. स्प्रिंग आड येत असेल तर त्या एका स्क्रूवरची काढून टाका.

जातं काय? वरचे पाच सेमीटोन. जी तारेवर उंच सोलो घेणाऱ्याला हे खटकेल, आणि स्लॅपमधला पॉप (तार बोटाने ओढून सोडण्याचा फटका) डी तारेवर तितका कडक निघत नाही. शिवाय ओळखीचे सगळे सूर शेजारच्या तारेच्या जागी सरकतात, त्यामुळे सुरुवातीला बोटं चुकीच्या तारेवर जातात. आणखी एक: बी ची कंपनसंख्या ३०.८७ हर्ट्झ. बेसच्या बऱ्याच स्पीकरना तिथपर्यंत पोचताच येत नाही. कानाला जाणवतो तो मुख्यतः ६२ हर्ट्झचा आणि त्याच्या वरचा भाग. बी ऐकू येत नाही म्हणून ॲम्पचा लो वाढवलात तर नुसती धूळधाण होते. त्याऐवजी मिड थोडा वर घ्या आणि ब्रिजजवळ छेडा.

३० इंची छोट्या स्केलवर मात्र बी च्या नादी लागू नका. तीच तार, तोच सूर असला तरी लांबी कमी असल्याने ताण आणखी २२ टक्के घटतो. आणि अर्धी गाणी जी तारेवर, अर्धी बी वर असं असेल तर चार तारांवर कितीही युक्त्या केल्या तरी ते जमणार नाही. तिथे पाच तारांचाच बेस हवा, जमल्यास ३५ इंची. त्या एका इंचाने बी चा ताण सुमारे ६ टक्के वाढतो.

ठरत नसेल तर नटला हात लावण्याआधी चार तारा तशाच चढवून बघा. बी खाचेच्या वर अधांतरी बसेल, पहिल्या फ्रेटवर दाबायला जड जाईल, पण बँडच्या आवाजात ती कशी बसते हे एका तालमीत कळतं. बसली तर मगच कानशी हातात घ्या.