नंबर जुळत होते, म्हणून फसलो

काहीच माहीत नसतं तर कोणी जाणकार सोबत नेला असता. मी जुनी मोटरसायकल घ्यायला गेलो अर्धवट अभ्यास करून, एकटाच.

जाहिरात १९७०च्या ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०आरची होती. ६४९ सीसी, पूर्ण रिस्टोअर केलेली, इंजिन खालपासून वरपर्यंत उघडून बांधलेलं, आणि ‘मॅचिंग नंबर’. ट्रायम्फच्या इंग्लंडमधल्या मेरिडनच्या कारखान्यातून या गाड्या इंजिनवर आणि फ्रेमवर एकच नंबर घेऊन बाहेर पडायच्या, एवढं वाचलेलं होतं. पोचल्या पोचल्या वाकून दोन्ही ताडून पाहिले. तंतोतंत. विक्रेता मागे शांतपणे उभा. मी नेमकं काय बघणार हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

पहिल्या किकला चालू झाली. हात लावला तर इंजिन कोमट. ‘आत्ताच एक चक्कर मारून आणली,’ म्हणाला. तुम्ही जाल तेव्हा ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं बजावूनच जा. उभ्या गाडीत ऑइलच्या टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळात, उतरलेलं असतं, आणि थंड इंजिनाला किक मारली की निघणारा धूर बरंच काही सांगतो. मला तो दिसलाच नाही. वर त्याने आपणहून दोन दोष सांगितले: इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकर बॉक्समधून तेल पाझरतं, स्पीडोमीटरचा काटा थरथरतो. एवढा सरळ माणूस, म्हणून मी घासाघीससुद्धा केली नाही!

हजारभर किलोमीटर झाले असतील, तोच इंजिनाच्या पोटातून घरघर सुरू झाली. मेकॅनिकने उघडायच्या आधी नंबराची जागा रॉकेलने पुसली आणि टॉर्च आडवा धरला. १९६९च्या मॉडेलपासून कारखाना नंबराच्या त्या पट्टीवर आधी ट्रायम्फच्या चिन्हाचे बारीक ठसे उमटवायचा आणि मग नंबर ठोकायचा. कोणी घासलं तर ठसेही जावेत म्हणून. माझ्या आकड्यांखाली ठसे होते. ‘टी१२०आर’ या अक्षरांखाली मात्र गुळगुळीत, आणि ‘आर’ जरासा तिरका. फ्रेमवर पावडर कोटिंगचा असा जाड थर होता की तिथलं काही कळूच नये. ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे मेरिडनच्या जुन्या नोंदी असतात. तिथे विचारलं, तर हाच नंबर टीआर६आर म्हणून, म्हणजे ट्रायम्फच्याच एका कार्ब्युरेटरच्या मॉडेलवर, बाहेर पडलेला. म्हणजे नंबर खरोखरच जुळत होते. बदललं होतं ते मॉडेलचं नाव, आणि दोन कार्ब्युरेटर बसावेत म्हणून सिलिंडर हेड.

तरी हे मी पचवलं असतं. टीआर६ काही कमअस्सल गाडी नाही. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन १९६४च्या मोटरसायकलींच्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत टीआर६वरच उतरला होता, आणि एकाच कार्ब्युरेटरमुळे ती ट्यून करायलाही सोपी. खरा घाव क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या फिरत्या दांड्यात, होता. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या आत एक नळी असते, फिरताना तेलातली घाण तिच्या भिंतीला जाऊन बसते. स्लज ट्रॅप म्हणतात तो हाच. इंजिन खरंच बांधायचं तर ही नळी काढून साफ करायलाच हवी. तिचं बूच फिरू नये म्हणून कारखान्यात पंचने ठोकलेली खूण माझ्या इंजिनात जशीच्या तशी होती. बूच ड्रिल करून काढलं, तर आत पेन्सिलच्या शिशासारखा काळा, घट्ट गाळ. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागला. तेल न मिळाल्याने एका बिगएंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली, बेअरिंग पार खरवडली होती. विक्रेत्याने दिलेल्या बिलावर ‘इंजिन काम’ एवढीच एक ओळ होती, बेअरिंगचा साइझ नाही, क्रँक घासल्याचा उल्लेख नाही. ते बिल मी घरी येऊन वाचलं.

फोन केला. ‘मीही अशीच घेतली होती, साहेब,’ म्हणाला. नंतर उचललाच नाही.

आता क्रँक घासायला टाकलाय आणि गाडी टीआर६ म्हणूनच बांधतोय. एका कार्ब्युरेटरचं हेड शोधतोय. परवा एकजण म्हणाला, आहे माझ्याकडे, एकदम ओरिजिनल, फोटो पाठवतो. म्हटलं, फोटो नको, मेकॅनिकला घेऊन येतो.