अर्थ नलस्कूल : थंडीच्या लाटेला पैकीच्या पैकी, उष्णतेच्या लाटेला काठावर पास

तापमानाचा लाल-निळा नकाशा आता कुठल्याही हवामान ॲपवर मिळतो. लाट आली एवढंच तो सांगतो. ती का आली आणि किती दिवस मुक्काम ठोकणार, हे पाच-सहा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. कॅमेरॉन बेकारिओ यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘अर्थ नलस्कूल’ ही फुकट वेबसाइट नेमके तेच वारे पृथ्वीच्या गोलावर वाहताना दाखवते. वाऱ्यांची माहिती अमेरिकेच्या जीएफएस या हवामान-अंदाजाच्या संगणकीय मॉडेलची असते. खातं उघडायची भानगड नाही.

डाव्या कोपऱ्यात खाली ‘अर्थ’ असं लिहिलंय, तिथे टिचकी मारली की मेनू उघडतो. त्यात ‘हाइट’ची ओळ महत्त्वाची: जमिनीपासून १०००, ८५०, ७००, ५००, २५०, ७० आणि १० हेक्टापास्कलपर्यंत. हे हवेच्या दाबाचं एकक; आकडा जितका लहान तितकी उंची जास्त, आणि पाच-सहा किलोमीटर म्हणजे ५००. बहुतेक लोक जमिनीच्या पातळीवरच रेंगाळतात आणि चित्र सुंदर आहे म्हणून निघून जातात.

उष्णतेच्या लाटेसाठी आधी २५० वर जा. जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्यांचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ धावत असेल तर हवा पुढे सरकत राहते. तो उत्तर-दक्षिण खोल वळसे घेत असेल तर सावध व्हावं. मग ५०० वर या. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा मोठा, संथ भोवरा म्हणजे उच्च दाबाचं क्षेत्र (दक्षिण गोलार्धात दिशा उलटी). आता बाणाने एकेक दिवस मागे जा. तीन-चार दिवस भोवऱ्याचं केंद्र जवळपास जागचं हललं नसेल, तर वाट अडलेली आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना कमी दाबाचे भोवरे दिसले तर तो ओमेगा ब्लॉक, आणि तो सहजी सुटत नाही. आत हवा खाली बसते, दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी तापते, ढग विरतात आणि ऊन कोरड्या जमिनीला भाजून काढतं. २०२१ च्या जून अखेरीस कॅनडातल्या लिटनला पारा ४९.६ अंशांवर गेला, तेव्हाचे नकाशे तारीख मागे नेऊन जरूर पाहा.

कमाल तापमानाचा ढोबळ अंदाज हवा असेल तर ८५० वर तापमानाचा थर लावा, ठिकाणावर टिचकी मारा आणि आलेल्या आकड्यात १५ मिळवा. २५ अंश दिसले तर समुद्रसपाटीजवळ दुपारी चाळिशी. हा हिशोब निरभ्र आकाश, कोरडी जमीन आणि चांगली घुसळलेली हवा गृहीत धरतो. ओल्या मातीवर, ढगाळ दिवशी किंवा खारे वारे आत शिरले की तो जास्तीचा आकडा देतो. दीड हजार मीटरहून उंच पठारावर तर ८५० ची पातळी जमिनीच्या खाली जाते, तिथे दिसणारा आकडा कागदी समजावा.

खरी उणीव पुढे आहे. ५०० हेक्टापास्कलच्या उंचीच्या रेषा इथे नाहीत. भोवरा दिसतो, पण तो ऋतुमानाच्या मानाने किती बळकट आहे ते कळत नाही. शिवाय अंदाज एकाच मॉडेलने एकदाच केलेल्या गणिताचा. अडलेली वाट मॉडेलं बरेचदा वेळेआधीच मोकळी करून टाकतात, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी भोवरा विरताना दिसला म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकू नये. यासाठी युरोपीय केंद्र ईसीएमडब्ल्यूएफचे खुले चार्ट जोडीला ठेवावेतच. तिथे ५०० ची उंची आणि ८५० चं तापमान एकाच नकाशावर मिळतं. तीव्रतेचा ईएफआय निर्देशांकही असतो. तो उणे १ ते अधिक १ असा मोजतात, आणि ०.८ च्या वर गेला की प्रकरण खरंच असाधारण.

थंडीच्या बाबतीत मात्र या साइटला तोड नाही. गोल फिरवून उत्तर ध्रुव मध्ये आणा आणि १० हेक्टापास्कल निवडा, म्हणजे साधारण तीस किलोमीटर उंची. हिवाळ्यात तिथे ध्रुवीय भोवरा पश्चिमी वाऱ्यांनी गरगरत असतो. तो लांबट होणं, ध्रुवावरून ढकलला जाणं किंवा दुभंगणं ही पूर्वसूचना. फेब्रुवारी २०१८ च्या मध्याला तो फुटला आणि महिनाअखेरीस युरोप गारठला. इथे एक चूक हमखास होते: ६० अंश अक्षांशावर एका ठिकाणी टिचकी मारून वारा पूर्वेचा दिसला की लोक भोवरा उलटला म्हणतात. निकष त्या संपूर्ण अक्षवृत्तावरच्या सरासरी वाऱ्याचा आहे. तो उलटला तरी परिणाम दरवेळी खाली पोचतोच असं नाही. पोचलाच तर बरेचदा आठवड्या-दोन आठवड्यांनी, आणि कडाका नेमका कुठे पडणार ते पुन्हा ५०० वरच बघावं लागतं.

वेळ वापरण्याआधी ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की स्थानिक ते तपासा. नकाशे तीन-तीन तासांचे असल्याने दुपारचा कळस दोन नकाशांच्या मध्ये निसटू शकतो.