घरी ठेवायचं, आजोळी, बोर्डिंगला की बालगृहात?

घरचा कर्ता माणूस गेला, किंवा असून नसल्यासारखा झाला, की दिवसकार्य उरकायच्या आतच पोरांची वाटणी सुरू होते. थोरली मामाकडं, मधला बोर्डिंगला, धाकटं आईजवळ. भावकी वाईट नसते, काळजीपोटीच बोलते. पण पुढच्या दहा वर्षांचा निर्णय तासाभरात उरकतो आणि जिची पोरं ती कोपऱ्यात बसून ऐकत राहते. न्यूझीलंडनं १९८९ साली कायद्यातच आणलं की अशा वेळी घरच्यांची बैठक घ्यायची, सगळी माहिती त्यांच्यापुढं ठेवायची, मग सरकारी माणसांनी खोलीबाहेर जायचं आणि घरच्यांना आपसात बोलू द्यायचं. माओरी लोकांच्या रीतीतून ही पद्धत आली. आपल्याकडं बैठक आहेच, माहिती तेवढी नसते.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि साताऱ्याच्या माण-खटावकडं मुलांच्या प्रश्नांवर काम करते. चारही वाटांनी गेलेली मुलं पाहिली आहेत, त्यामुळं तटस्थपणाचा आव आणत नाही. माझा कल पहिल्या वाटेकडं, म्हणजे घरी ठेवण्याकडं आहे.

आधी एक चाळणी

मुलाला घरात धोका आहे, की घरात नुसती ओढाताण आहे? मारहाण, लैंगिक अत्याचार, नववीतल्या मुलीच्या लग्नाची बोलणी यांपैकी काही असेल तर पर्याय तोलत बसू नका. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. मूल ताब्यात घेतलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढं, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढं न्यावं लागतं. बालविवाहाचं असेल तर गावात ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी असतो, तो 'मला काय त्याचं' म्हणू शकत नाही. आणि अत्याचार करणारा घरातलाच असेल तर भावकीची बैठक अजिबात बसवू नये. तिथं मिटवामिटवीच होते. शिवाय मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे.

यातलं काही नसेल, अडचण पैशांची, माणसाची किंवा कागदांची असेल, तरच पुढचं वाचा. २०१५ चा बाल न्याय कायदा स्पष्ट सांगतो की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय. गावात मात्र क्रम बरोबर उलटा लागतो.

घरीच ठेवायचं, घराला टेकू द्यायचा

पैशांचं आधी बघू, कारण बैठकीत पहिला प्रश्न तोच निघतो. दोन योजना आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक राज्याची, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, मुलामागं महिना २२५० रुपये. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, महिना ४००० रुपये. दुसरीला उत्पन्नाची अट कडक आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरांत ९६ हजारांच्या आत. आई विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेली असेल, मूल अनाथ असून नातलगांकडं राहत असेल, आईबाप दुर्धर आजारानं किंवा अपघातानं अंथरुणाला खिळले असतील, अशी कुटुंबं त्यात बसतात. एका मुलाला दोन्ही मिळत नाहीत. रक्कम बघून सगळे दुसरीकडं धावतात, पण तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला कितीचा निघतो ते आधी बघा. तो बसत नसेल तर ४००० च्या नादात २२५० चा अर्जही मागं पडतो.

याशिवाय आईला संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० असतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार. शेतकऱ्याचा मृत्यू अपघाती असेल, म्हणजे साप चावून, विजेचा धक्का बसून, विहिरीत पडून, तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख मिळतात. त्याचा अर्ज मात्र ३० दिवसांत कृषी खात्याकडं गेला पाहिजे. म्हणजे दिवसकार्य आटपून जेमतेम दोन आठवडे हातात उरतात. भावकीत कुणी शिकलेलं असेल तर त्यानं पोरं कुठं घालायची यावर बोलण्याऐवजी हा कागद हातात घ्यावा.

या वाटेचा वांधाही सांगते. पैसे दर महिन्याला येतील असं धरून चालू नका, मधे खंड पडतो आणि मग काही महिन्यांचे एकदम जमा होतात. त्यावर किराणा चालवायचा तर दुकानदाराची उधारी आलीच.

पण बऱ्याच घरांत खरी अडचण पैशांची नसतेच. तासगावकडच्या एका घरातलं सांगते. आई बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जायची, सकाळी सातला टेम्पो यायचा. सातवीतली मुलगी शाळेत आठवड्यातून दोनच दिवस दिसायला लागली. बाईंनी हजेरीपट चाळला तर दांड्या सोमवार ते गुरुवार आणि शुक्रवार-शनिवार हजर. शुक्रवार-शनिवारी आजी येऊन राहायची. म्हणजे मुलगी दीड वर्षाच्या भावाला सांभाळत होती, बाकी काही नाही. तोवर भावकीत 'हिला कुठंतरी वसतिगृहात घाला' इथपर्यंत गोष्ट आली होती. मुलगी वसतिगृहात गेली असती तर ते बाळ कुणी सांभाळलं असतं, हे कुणी विचारलं नव्हतं. शेवटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशींना महिन्याला थोडे पैसे ठरवून दिले आणि सकाळ ते चार बाळ त्यांच्याकडं राहायला लागलं. मुलगी आठवडाभरात वर्गात बसली.

लवकर हात देणं म्हणतात ते एवढंच असतं. हजेरीपटातल्या दांड्या, अंगणवाडीत न वाढणारं वजन, डब्यात फक्त चटणी-भाकरी, या खुणा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दिसतात आणि त्या शिक्षिकेला, अंगणवाडी ताईंना, आशाताईंना दिसतात, साहेबांना नाही. गावात सरपंचाच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असते. बहुतेक गावांत ती कागदावरच आहे. पण ताई आणि बाई एकमेकींशी बोलल्या तरी निम्मं काम होतं.

आणि बाप जिवंत आहे, पण दारूत आहे, अशा घरांचं काय? तिथं पोरं हलवण्याआधी बापाला हलवून बघा. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्तीचं काम करतं, तिथं घरच्यांनाही सोबत घेतात. एका माणसाचा उपचार म्हणजे तीन पोरांची सोय, हा हिशेब बैठकीत मांडायला हरकत नाही. मारझोड असेल तर मात्र वरची चाळणी लागू.

आजोळ

मूल जाण्यासाठी सगळ्यात ऊबदार जागा हीच, आणि सगळ्यात बेभरवशाचीही. आजी आहे तोवर ठीक. मामी बोलून दाखवत नाही, पण तिची स्वतःची दोन पोरं दहावी-बारावीला आली की ताण येतो. मुलीच्या वाट्याला घरकाम किती येतंय, ते महिन्यातून एकदा आईनं जाऊन डोळ्यांनी बघावं, फोनवर कळत नाही. आईबाप दोघंही नसलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या नातलगांनाही वरच्या योजना मिळू शकतात हे मामांना माहीत नसतं. शाळेचं म्हणाल तर आठवीपर्यंत दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दाखला मागाहून आला तरी चालतो.

बोर्डिंग

आपल्या भागात बोर्डिंगला कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं, आणि पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ही गोष्ट इथल्या आजोबांना तोंडपाठ असते. म्हणून आजही 'बोर्डिंगला घालू' म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटतं.

फरक एवढाच की तेव्हाचा मुलगा शिकायला जायचा आणि सुटीत घरी यायचा, घर मागं उभं असायचं. आठवीनंतरच्या, शिकायची आच असलेल्या मुलासाठी वसतिगृह आजही घरापेक्षा बरं ठरू शकतं, विशेषतः गावात आठवीपुढं शाळाच नसेल तर. जतकडून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठीही हंगामापुरती वसतिगृहाची किंवा गावातच नातलगांकडं राहण्याची सोय पाहावी, कारण फडावर गेलेलं मूल शाळेतून हळूहळू सुटतंच. पण बाप जाऊन महिना झालेल्या दुसरीतल्या पोराला बोर्डिंगला घालणं वेगळं. त्याच्या हिशेबी एका महिन्यात बाप गेला आणि आईनंही लांब केलं. आणि संगोपनाचे पैसे चालू ठेवायचे असतील तर वसतिगृहात घातल्यावर त्यांचं काय होतं, हे अर्ज करतानाच विचारून घ्या.

बालगृह

गावात सगळ्याच संस्थांना 'रिमांड' म्हणतात, ते चुकीचं आहे. कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांचं निरीक्षणगृह वेगळं, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्यांचं बालगृह वेगळं. बालगृहात आईनं परस्पर नेऊन सोडायचं नसतं, बालकल्याण समितीच्या आदेशानं प्रवेश होतो. सामाजिक चौकशीचा अहवाल येतो आणि चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. कुणी 'आमच्याकडं थेट आणून सोडा, कागद नंतर बघू' म्हणत असेल तर नोंदणी मागा. नोंदणीशिवाय मुलांची संस्था चालवणं हा गुन्हा आहे.

आईला मानसिक आजार आहे आणि सांभाळणारं दुसरं कुणीच नाही, किंवा घरच धोक्याचं आहे, तिथं चांगलं बालगृह मूल वाचवतं, आणि मी स्वतः तसे अर्ज लिहिले आहेत. पण तान्ह्या मुलांबाबत फार जपून. रुमानियात बुखारेस्टला संस्थेतल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठी टाकल्यासारखी निम्मी सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत पाठवली, निम्मी होती तिथंच राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीत, बोलण्यात, माया लावण्यात पुढं गेली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तिथल्या संस्थांची अवस्था फार वाईट होती हे खरं. तरी तीन पाळ्यांत बदलणाऱ्या मावश्या आणि एकच आजी यांतला फरक दीड वर्षाच्या मुलाला कुठंही कळतो.

मग निवडायचं कसं

परत फिरणं किती सोपं आहे, यावरून निवडा. घरी ठेवून सहा महिने टेकू दिला आणि जमलं नाही, तर बाकीच्या तिन्ही वाटा उघड्याच असतात. आजोळहून मूल परत आणायला मन दुखावतं, पण आणता येतं. वसतिगृहातून मधेच काढलं तर शाळेचं वर्ष जातं. बालगृहातून घरी आणायला पुन्हा समिती, पुन्हा गृहभेट, आणि तोवर आईलाच 'आपल्याला जमणार नाही' असं वाटायला लागलेलं असतं.

भावंडं असतील तर अजून एक बघा: कुठल्या वाटेनं ती एकत्र राहतात? पोरांना बाप जाण्याइतकंच एकमेकांपासून तुटणं लागतं, आणि वाटणी करताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

घरचीच वाट धरणार असाल तर याच आठवड्यात मृत्यूचा दाखला काढा, आई आणि मूल दोघांची आधार कार्डं, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, तलाठ्याचा दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर आईसोबत मुलाचा फोटो एका पिशवीत घाला आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्या. फोटोत घर दिसलं पाहिजे, नाहीतर पुन्हा हेलपाटा होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. गृहभेटीला माणूस येईल तेव्हा आई शेतात असेल तर शेजारच्यांना तिचा नंबर देऊन ठेवा, कारण 'घर बंद आढळले' असा शेरा पडला की अर्ज पुन्हा मागच्या रांगेत जातो.