बाळ सांभाळायला बाई: एजन्सीची की ओळखीतली?
26 आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपत आली की शोधाशोध सुरू, आणि पुण्या-मुंबईत रस्ते दोनच, एजन्सी नाहीतर सोसायटीतल्या मावशींना विचारणं. एजन्सी कमिशन घेते, पण बाई सोडून गेली तर ठरलेल्या मुदतीत दुसरी देते, तेवढाच फायदा, कारण 'ट्रेन्ड' म्हणून पाठवलेल्या बाईला दूध पाजल्यावर ढेकर काढायचा असतो हेही कधीकधी सांगावं लागतं. ओळखीतल्या मावशींनी चार घरची बाळं न्हाऊमाखू घातलेली असतात, जुन्या घरी फोन केला की खरं काय ते कळतं. पण त्या गावी जत्रेला गेल्या की आठवडाभर तुम्हीच रजेवर! पोलीस व्हेरिफिकेशन दोन्हीकडे कराच, एजन्सी झालंय म्हणाली तरी कागद बघा. मला विचाराल तर मावशीच, फक्त रजेचे शेवटचे पंधरा दिवस त्यांना सोबत घेऊन घरीच काढा.