लिंक्डइनच्या पोस्ट सांभाळणारी मासिक सेवा: सहा महिन्यांचा अनुभव

ठाण्यात आमचे इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे, म्हणजे मजबुतीच्या तपासणीचे, छोटे कार्यालय आहे. कामे प्रामुख्याने ओळखीतूनच मिळतात. परंतु आर्किटेक्ट, प्रकल्प सल्लागार आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी फोन करण्यापूर्वी लिंक्डइन या व्यावसायिकांच्या समाजमाध्यमावर आमचे लेखन चाळून पाहतात, हे लक्षात आल्यावर गेल्या वर्षी मी एका एजन्सीची सेवा घेतली. दरमहा 15,000 रुपये आणि वर जीएसटी, त्या बदल्यात बारा पोस्ट, महिनाअखेरीस एक अहवाल आणि ‘अल्गोरिदम बदलेल त्याप्रमाणे पोस्टचे स्वरूप बदलून देऊ’ अशी लेखी हमी, असा करार होता. अल्गोरिदम म्हणजे कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे ठरवणारी लिंक्डइनची यंत्रणा. हे परीक्षण मुख्यतः त्या हमीचे आहे.

प्रथम जे चांगले झाले ते सांगतो. लिंक्डइनवर पोस्टच्या सुरुवातीच्या जेमतेम तीन ओळी दिसतात आणि पुढचा मजकूर दाबून उघडावा लागतो. माझ्या पोस्ट ‘इमारतीच्या देखभालीचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहेच’ अशा वाक्याने सुरू होत असत. एजन्सीतील लेखिकेने ते वाक्य काढून टाकले आणि माझ्याच अहवालातील चौथ्या परिच्छेदातून ‘कॉलमचा गिलावा काढला तेव्हा सळईचा गंज नखाने पापुद्र्यासारखा निघत होता’ हे वाक्य उचलून वर आणले. तिचे स्थापत्यशास्त्राचे ज्ञान शून्य होते, तरी वाचक कोठे थांबेल हे तिला माझ्यापेक्षा अधिक कळत होते.

दुसरे चांगले काम पीडीएफचे. वाचक एखाद्या पोस्टवर किती वेळ रेंगाळतो हेही क्रमवारी ठरवताना विचारात घेतले जाते, असे लिंक्डइनच्या अभियंत्यांनी 2020 मध्येच जाहीरपणे लिहिले होते. त्या दृष्टीने आमच्या भेगांच्या छायाचित्रांची नऊ पानांची पुस्तिका तयार झाली: गिलाव्याची केसासारखी भेग कोणती, सळई गंजून फुगल्याने तिच्या रेषेत पडलेली भेग कोणती, आणि रिबाउंड हॅमर या काँक्रीटवर ठोकून पाहण्याच्या उपकरणाच्या एका आकड्यावरून काँक्रीटची ताकद का ठरवू नये. त्यानंतर आलेल्या दोन चौकशांमध्ये समोरच्याने चक्क पान क्रमांक सांगून प्रश्न विचारले. सहा महिन्यांत फी सर्वांत जास्त सार्थकी लागल्यासारखी वाटली ती या एका पुस्तिकेमुळे.

हमीबाबत मात्र निराशा झाली. पहिल्याच बैठकीतील सादरीकरणात ‘क्रिएटर मोड सुरू करा’ आणि ‘कॅरोसेलचे बटण वापरा’ अशा सूचना होत्या. क्रिएटर मोड ही नियमित लिहिणाऱ्यांसाठीची प्रोफाइलची सोय, तर कॅरोसेल म्हणजे एकामागून एक सरकवत पाहायची चित्रे. कॅरोसेलची ती स्वतंत्र सोय 2023 मध्ये आणि क्रिएटर मोडचे बटण 2024 मध्ये बंद झाले आहे. मी मोबाइलवर बटण शोधत बसलो तेव्हा हे उघड झाले. पुढे दर पंधरवड्याला एक पोल आणि प्रत्येक पोस्टखाली ‘सहमत असाल तर कॉमेंटमध्ये हो लिहा’ अशी ओळ येऊ लागली. पोलचा भडिमार आणि प्रतिसादाची अशी याचना करणाऱ्या पोस्ट कमी दाखवू, असे लिंक्डइनने 2022 मध्येच जाहीर केले होते. त्यातील एक पोल तर ‘तुमच्या इमारतीला ऑडिटची गरज वाटते का?’ असा होता. मुंबईत 30 वर्षांवरील इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार ऑडिट बंधनकारक असताना या विषयावर मतदान घेतल्याने माझ्या समव्यवसायी मित्रांची चांगलीच करमणूक झाली. कार्यालयातील सर्वांनी पहिल्या तासात कॉमेंट करावी, हा आग्रह मी दोनदा मानला आणि नंतर थांबवला, कारण त्या कॉमेंट वाचून कोणालाही त्या ठरवून लिहिलेल्या आहेत हे कळत होते.

भाषेचा मुद्दाही राहिलाच. ‘मराठी पोस्ट चालत नाहीत’ असे एजन्सीचे ठाम मत होते, त्याला आधार मात्र काही दिला नाही. चौथ्या महिन्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर मी स्वतः मराठीत एक पोस्ट लिहिली. इंप्रेशन, म्हणजे पोस्ट किती वेळा दिसली तो आकडा, नेहमीच्या निम्म्यावर आले, पण त्या आठवड्यात फोन करणारे तिघेही संस्थांचे सचिव होते आणि एकाने ती पोस्ट छापून सूचना फलकावर लावली होती. महिन्याच्या अहवालात या पोस्टसमोर लाल बाण होता. अहवालात इंप्रेशन, लाइक आणि नवे अनुयायी यांचे रंगीत आलेख असत. चौकशा किती आल्या यासाठी रकानाच नव्हता, तो मी मागूनही जोडला गेला नाही.

सहा महिन्यांनंतर करार वाढवला नाही. लेखिकेचे संपादन आणि पुस्तिकांची मांडणी एवढेच काम नगावर द्याल का, असे विचारले असता एजन्सीने प्रति पुस्तिका 4,000 रुपये दर सांगितला आणि तो मी मान्य केला. पुढची पुस्तिका मराठीत असून तिचा विषय स्लॅबच्या गळतीचा आहे.