गळती ऐकायची नाही, बघायची: व्हॅक्यूम हातपंपाचा अनुभव

माझ्या डाव्या कानाला जवळपास ऐकूच येत नाही, उजव्यात मशीन आहे. ‘नळीचं एक टोक कानाला लावा, दुसरं बॉनेटखाली फिरवा, सूंऽऽ ऐकू आलं की गळती सापडली’ हा जुन्या गाडीच्या व्हॅक्यूम नळ्यांतली गळती शोधायचा सल्ला मला जो तो देतो. मी मान डोलावते आणि विषय बदलते. गेज असलेला हा हातपंप मी घेतला तो याच कारणासाठी.

गाडी १९७१ची कॉर्व्हेट, शेवरलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार. हिचे दिवे नाकात झाकलेले असतात आणि बटण ओढलं की व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीच्या जोरावर, वर येतात. आधीच्या पिढीत, १९६३ ते ६७, हे काम विजेच्या मोटरी करायच्या. १९६८पासून व्हॅक्यूम आला आणि १९७२पर्यंतच्या गाड्यांत तर वायपरसुद्धा झाकणाखाली, ते झाकणही व्हॅक्यूमवरच. इंजिन हवा ओढतं, त्यातली थोडी ओढ मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणारा फाटेवाला पाइप) नळीने घ्यायची, वाटेत चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवायचा आणि टाकीत साठवायची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम शून्याच्या आसपास येतो, तेव्हा ही साठवण कामी येते. कल्पना छानच आहे. फक्त रबर पन्नास वर्षांचं झालंय.

माझ्याकडे उजवा दिवा झटकन उठायचा आणि डावा दोन-तीन सेकंदांनी, शाळेसाठी उठवलेल्या पोरासारखा. रात्री बंद करून ठेवलेली गाडी सकाळी दोन्ही डोळे किलकिले करून बसलेली असायची. एका गॅरेजने न तपासताच ‘दोन्ही ॲक्चुएटर गेलेत’ असं सांगितलं, म्हणजे व्हॅक्यूमवर दिवा वर-खाली करणारे डबे. मी बदलून घेतले. काहीही फरक पडला नाही. पंप तेव्हाच घेतला असता तर ते पैसे वाचले असते. असो.

पंप म्हणजे पिस्तुलासारखी मूठ, दाबायचा दांडा, वर गेज. गेजवर दोन पट्ट्या: बाहेरची ० ते ३० इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं माप), आतली ० ते ७६ सेंटीमीटर. मी धातूचा घेतला. आधी एकदा उसना आणलेला प्लास्टिकचा स्वतःच गळत होता आणि मी तासभर गाडीला दोष देत बसले होते. म्हणून आता पहिला नियम: पंपाच्या नळीला टोपी लावायची, २० इंचांपर्यंत खेचायचं आणि चहा घेऊन यायचं. काटा जागेवर असेल तरच गाडीला हात लावायचा. या पंपाचा काटा चहा संपेपर्यंत हलला नाही.

मग ॲक्चुएटर. त्याला दोन तोंडं असतात, एकाने दिवा उघडतो, दुसऱ्याने मिटतो. दोन्ही नळ्या काढल्या, एका तोंडाला पंप लावला, दुसरं मोकळं ठेवलं (ते बंद राहिलं तर आतली हवा अडते आणि दिवा अडखळतो). इंजिन बंद. मी मूठ दाबत गेले आणि तो जडशीळ दिवा, अगदी माझ्या मुठीच्या तालावर, इंच इंच वर आला. शेवटी एक हिसका बसून जागेवर गेला. ‘हे’ आत ड्रायव्हरच्या सीटवर बसून ‘झालं का? झालं का?’ विचारत होते म्हणे, मला कुठलं ऐकू येतंय! बोटं मात्र त्या फटीपासून लांब ठेवा. व्हॅक्यूम सोडला की दिवा कुठल्या बाजूला जाईल याचा नेम नसतो.

दोन्ही तोंडांवर काटा स्थिर. म्हणजे नवा ॲक्चुएटर ठीक होता, आणि बहुधा जुनाही ठीकच असणार. जुने ॲक्चुएटर बरेचदा दांडा बाहेर येतो तिथल्या सीलमधून गळतात, तेव्हा दोन्ही बाजू तपासाच. एका बाजूने धरला म्हणून पास करू नका.

खरा चोर निघाला डावा रिले. प्रत्येक दिव्यामागे एक असतो. डॅशबोर्डवरच्या बटणाकडून बारीक नळीने इशारा येतो आणि रिले टाकीतली ताकद ॲक्चुएटरच्या या किंवा त्या बाजूला वळवतो. इशाऱ्याच्या तोंडाला पंप लावला. उजव्या रिलेने १५ इंच धरले. डाव्याचा काटा मी मूठ सैल सोडायच्या आत खाली. डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला.

पण एवढ्याने सकाळचे किलकिले डोळे मिटेनात. मग चेक व्हॉल्व्हच्या पुढे टी (तीन तोंडांची जोडणी) घालून अख्खी व्यवस्था पंपावर घेतली, आणि इथे पंपाची खरी मर्यादा कळली. एका दाबात हवा निघते चमचाभर आणि समोर टाकी. मोजून दीडशे दाबांनंतर काटा कसाबसा १० वर. माझ्या अंगठ्याच्या सांध्याने दुसऱ्या दिवशी हिशेब मागितला. संधिवात असेल तर टाकी वेगळी काढून उरलेल्या फांद्या एकेक तपासा, टाकी शेवटी. वायपरच्या झाकणाकडे जाणाऱ्या फांदीला टोपी लावल्याबरोबर काटा थांबला. ती नळी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) भोकात घासून खालच्या अंगाने चिरली होती. वरून पाहिलं तर नवीकोरी.

कुणी साबणाचं पाणी लावायला सांगेल. उपयोग नाही, इथे हवा आत जाते, बुडबुडा कशाचा येणार? चालू इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारायची युक्ती तर मी माझ्या घरात करू देत नाही. फायबरग्लासची बॉडी आहे, पेट घेतला की बघत बसायचं.

आता तक्रारी. सोबतच्या टी आणि जोडण्या कडक प्लास्टिकच्या आहेत आणि त्यांच्या टोकांवर साच्याची उभी रेघ राहिलेली आहे. नखाने चाचपली तर लागते. त्या रेघेवरून हवा शिरते, तेव्हा बारीक सँडपेपरने घासल्याशिवाय वापरू नका. एक टी पहिल्याच दिवशी तडकली. गेजला रबरी वेष्टण नाही, एकदा हातातून पडला तर संपलाच. व्हॅक्यूम सोडायची कळ इतकी हलकी आहे की बोट चुकून लागलं तरी काटा शून्यावर येतो आणि मला नवी गळती सापडल्यासारखं वाटतं.

खोक्यात ब्रेकची हवा काढायची बाटलीही आहे. त्यासाठी घेऊ नका. ब्लीडरच्या (हवा सोडायच्या नटाच्या) आट्यांतून हवा आत शिरते, बुडबुडे थांबतच नाहीत आणि लाईनमध्ये अजून हवा आहे की नाही ते समजत नाही. मी परत आपली जुनी पद्धत धरली: यांनी पेडल दाबायचं, मी नट सोडायचा, आणि इशाऱ्याला हॉर्न.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या टींसाठी. नवा रिले आणि हातभर नळी घातल्यावर दिवे एकदमच उठतात, आणि काल तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर दोन्ही घट्ट मिटलेले होते. उजवा आता जरा मागे पडतोय असं ‘हे’ म्हणतात. पंप अजून आवरून ठेवलेला नाही.