४५ दिवसांत बोल्ट बदलला: जुनी पॉइंट टू-टू रायफल घेताना झालेली फसवणूक

ग्वाल्हेरच्या या प्रकरणात कागद सगळे खरे होते. लायसन्स खरं, बॉडीवरचा नंबर खरा, विकणारा माणूसही खरा. खोटा निघाला तो फक्त रायफलचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा), म्हणून तर फसवणूक इतके दिवस कळली नाही.

घेणारे गृहस्थ लष्करातले. (लष्कर म्हणजे आपला बाड्याजवळचा भाग. फौजेशी त्यांचा संबंध एनसीसीपुरताच.) कॉलेजात जिच्यावर हात बसला तीच रायफल हवी होती: पॉइंट टू-टू, नंबर २ मार्क ४ स्टार. बाहेरून ती हुबेहूब थ्री-नॉट-थ्री (जुनी फौजी एनफिल्ड) दिसते, कारण मुळात ती तीच असते. सरावाला काडतूस स्वस्त पडावं म्हणून जुन्या एनफिल्ड रायफलींच्या नळ्या टू-टूच्या केल्या. कधी जुनी नळी आतून मोठी करून तिच्यात बारीक नळी बसवली, कधी नळीच नवी घातली. मॅगझिन नावापुरतं. काडतूस एकेक हाताने भरायचं, आणि रिकामी केस (काडतुसाचं टरफल) खालच्या पोकळ डब्यात पडते.

खरा फरक बोल्टच्या डोक्यात असतो. थ्री-नॉट-थ्रीची पिन (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळते ती) काडतुसाच्या बुडाच्या मधोमध बसते. टू-टूचा बारुद पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून इथे पिन मधून सरकून कडेवर यावी लागते. हे डोकं आता सहजासहजी नवं मिळत नाही. त्यामुळे बाजारात चांगल्या बोल्टला मागणी फार, आणि फसवणुकीचं मूळही तिथेच आहे.

सौदा ठरला सव्वा लाखाला, बयाणा चाळीस हजार. पहिल्या दिवशी क्लबच्या रेंजवर मालकाने स्वतः पाच गोळ्या मारून दाखवल्या. २५ यार्डांवर पाचही इंचभरात. नळी साफ, बोल्ट साफ. गृहस्थांनी बॉडीवरच्या नंबराचा फोटो घेतला आणि निश्चिंत झाले.

पुढचं सगळं कायद्याने झालं. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे खासगी माणसाला परवान्याचं हत्यार दुसऱ्याला विकायचं असेल तर आधी कलेक्टरला किंवा जवळच्या थान्यात लेखी कळवावं लागतं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि मग किमान ४५ दिवस थांबावं लागतं. अर्ज दिला, पोच घेतली, दिवस मोजले. या ४५ दिवसांत रायफल मालकाकडेच होती. असायलाच हवी, त्यात गैर काही नाही. पण तेवढ्या वेळात बोल्ट बदलला गेला. ताबा घेताना गृहस्थांनी बॉडीचा नंबर लायसन्सशी ताडून पाहिला, बाकी रक्कम दिली आणि रायफल घरी आणली.

रेंजवर पहिल्या दहा काडतुसांत चार फुसकी गेली. पाचव्यांदा चापावर ‘टक’ झालं, गोळी सुटली, पण केसची कड फाटून गरम वायू मागे आला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. काडतुसं जुनी असतील असं समजून त्यांनी दुसरा डबा आणला. तेच झालं.

मग बोल्ट काढून टेबलावर ठेवला. एनफिल्डमध्ये नंबर एकाच जागी नसतो. बॉडीवर असतो, नळीच्या बुडाशी असतो, पुढच्या टोपीवर असतो आणि बोल्टच्या हँडलच्या मागच्या बाजूला असतो. तिथेही आकडे तेच होते. म्हणूनच ताबा घेताना नजर फसली. टॉर्च तिरका धरल्यावर मात्र हँडलच्या मागे किंचित खळगा दिसला. गोलाई असायला हवी तिथे कानस फिरलेली. जुन्या आकड्यांच्या कडा वापराने मऊ झालेल्या असतात, या मात्र बोटाला लागत होत्या. सात वाकडा, नऊ दुसऱ्या मापाचा, आणि काळा रंग त्या भागावर जास्तच ताजा. बोल्ट थ्री-नॉट-थ्रीचा होता, खरादावर कापलेला. डोकं कुणीतरी घरी घडवलेलं. टू-टूच्या बुडाची कड जेमतेम एक मिलिमीटर जाड. बोल्टचं तोंड आणि नळीचं बूड यांत तेवढीच जागा हवी. जागा जास्त राहिली की पिनचा मार उथळ बसतो, आणि बसलाच तर मागून आधार नसलेली कड फुटते.

पहिल्या दिवशीच्या पाच रिकाम्या केस क्लबच्या हिशोबात परत गेल्या होत्या. त्यांच्या बुडांचा जवळून एक फोटो काढला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पिनचा ठसा आणि केस ओढणाऱ्या नखाचा ओरखडा प्रत्येक बोल्टचा निराळा असतो, बोटाच्या ठशासारखा.

आता खरी पंचाईत. कलम ८ नुसार हत्यारावरचा नंबर खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे; आणि असं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ते केलं असं गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तक्रार करायला जाणारा स्वतःच अडकतो. विकणारा म्हणतो, ‘दिली तेव्हा ठीक होती, पाच गोळ्या तुमच्यासमोर मारल्या.’ नवा बोल्ट कुणाकडून परस्पर आणून बसवावा तर तेही चालत नाही, कारण कायद्याच्या भाषेत सुटा भागसुद्धा शस्त्रच आहे.

म्हणून सौद्याच्या दिवशीच हे करून घ्या. बोल्ट बाहेर काढून हँडलची मागची बाजू, बोल्टचं तोंड आणि पिनचं टोक यांचे फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून. चारही जागचे नंबर एका कागदावर, खाली दोघांच्या सह्या. थान्यात द्यायच्या अर्जात ‘बोल्ट क्रमांक अमुक’ असा शब्दच घाला. बयाणा जितका कमी तितका बरा. खरं तर ४५ दिवस रायफल परवानाधारक दुकानदाराकडे जमा ठेवावी, भाडं निम्मं निम्मं. ताबा घ्यायच्या दिवशी पुन्हा रेंज, पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा बुडांचे फोटो. विकणारा ‘एकदा मारून दाखवली ना’ म्हणाला की तिथेच थांबा.

नळीबद्दल थोडकं, कारण ती इथे चांगली होती. तेलाने माखलेली नळी बघूच नका. चार बाय दोन इंचांची चिंदी पुलथ्रूला (नळी साफ करायच्या वजनदार दोरीला) लावून कोरडी करून घ्या. उजेडाकडे धरल्यावर आत काळी अंगठी दिसली तर कधीतरी एक गोळी आत अडकलेली असताना वरून दुसरी मारली आहे, नळी तिथे फुगलेली आहे. तोंडाशी एका बाजूला खाच असेल तर ती पुलथ्रूच्या दोरीने पाडलेली. आणि विकणाऱ्याला रिकामा चाप ओढून ‘आवाज ऐका’ करू देऊ नका. टू-टूमध्ये काडतूस नसेल तर पिन थेट नळीच्या कडेवर आदळते, तिथे टवका पडतो, मग काडतूस अडून बसतं.

मोबाइलवर ‘फौजी, बदली झाली, रायफल विकणे आहे’ म्हणून कँटीन कार्डाचा फोटो पाठवणाऱ्यांबद्दल वेगळं काय लिहायचं? गेटपासचे पैसे मागतात, ते गेले की नंबर बंद. तिथे रायफलच नसते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

या गृहस्थांनी एक गोष्ट मात्र वेळेत केली. खाडाखोड दिसली त्याच दिवशी वकिलाला विचारून, फोटोंसह लेखी अर्ज थान्यात आणि कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत दिला, पोच घेतली आणि रायफल दुकानदाराकडे जमा करून पावती घेतली. ती अजून तिथेच आहे. बोल्ट वेगळ्या पाकिटात, लाखेची मोहर लावून.